गायरानावर लिहिलेलं एक पान

वर्तमानपत्राची नोकरी सोडून मी गावी आलो, तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीत शिक्षणप्रेमी सदस्याची जागा रिकामी होती. ती मला मिळाली. या सदस्याने नेमकं काय करायचं हे कुणी सांगितलं नाही. बैठकीला जायचं, चहा घ्यायचा, सही करायची. आमचं गाव घाटनांदूरच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. शाळा दहावीपर्यंत.

दहावीचं इंग्रजी आणि इतिहास-नागरिकशास्त्र एकाच मॅडमकडे होतं. त्या कंत्राटी होत्या, परळीहून येऊन-जाऊन करत. इंग्रजीच्या पेपरात एक प्रश्न असतो: एक मत छापलेलं असतं, मुलांनी त्याच्या विरुद्ध मत लिहायचं. गाइडात त्याचे ठरलेले विषय आहेत. मोबाइल, टीव्ही, गणवेश. मुलं दोन्ही बाजू पाठ करतात. एका बैठकीत मॅडम म्हणाल्या, की समोरच्याचं म्हणणं त्याला स्वतःला पटेल असं मांडता येणं हे मुलांनी इंग्रजीत शिकावं, आणि तसं मांडलेलं ऐकून घेणं नागरिकशास्त्रात. सनावळ्या काय, फोनवरही मिळतात, असंही त्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी मान डोलावली आणि पुढचा विषय घेतला. तो मुलींच्या संडासाच्या दाराचा होता.

त्या वर्षी गावात वाद एकच होता. गायरानावर सौर प्रकल्प येणार होता. दिवसा वीज मिळेल, असं बागायतदार म्हणत. मग चारायचं कुठं, असं मेंढरंवाले विचारत. मॅडमनी वर्गाला हाच विषय दिला. ज्याने त्याने आपल्या घराच्या विरुद्ध बाजू लिहायची.

मेंढपाळाच्या घरातल्या एका मुलीने प्रकल्पाची बाजू लिहिली. वर्गात तिच्याइतकं इंग्रजी कुणाला येत नव्हतं. रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाच्या पायाखाली साप येतो, तो परत येईपर्यंत त्याच्या घरात कुणी झोपत नाही, असं तिने लिहिलं. उभ्या हरभऱ्यात मेंढरं शिरतात, त्याची भरपाई कुणी देत नाही, हेही लिहिलं. त्यात खोटं काही नव्हतं.

मॅडमनी त्या पानाचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, खाली 'शाब्बास' लिहून. प्रश्न आणि दिलेलं मत आधीच्या पानावर होतं. फोटोत आलं ते फक्त मुलीचं लिखाण आणि तिचं नाव. कुणीतरी फोनवरच त्याचं मराठी केलं आणि ते गावभर फिरलं.

पुढच्या ग्रामसभेत प्रकल्पाच्या बाजूच्या पुढाऱ्याने ते वाचून दाखवलं. "ह्यांच्याच घरची शिकलेली पोर म्हणतीय. आता आनिक काय पुरावा पाह्यजे?"

"मंग तिलाच सरपंच करा की!" मागून एक जण ओरडला. हशा पिकला. मुलीचा बाप तेव्हा मेंढरं घेऊन बाहेर होता. चुलता सभेत होता, तो उठून गेला.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी शाळेत आली नाही. काही दिवसांनी चुलता तिला घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत आला. समितीला बोलावलं होतं.

"सर, हिचा दाखला द्या. आमाला वाद घालायचा न्हाई."

"तात्या, परीक्षा तोंडावर आली."

"परीक्षेचं काय घेऊन बसलात? भावकीत तोंड दाखवायची सोय न्हाई ऱ्हायली. पारावर इचारतेत, पुतनी कवा फितली रं तुझी?"

दाखला घेतल्यावर काय होतं हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. आदल्या वर्षी दाखला नेलेल्या मुलीच्या लग्नात मुख्याध्यापक स्वतः जेवून आले होते.

मॅडमनी वही उघडून आधीचं पान दाखवलं, प्रश्न वाचून त्याचा अर्थ सांगितला. चुलत्याने नीट ऐकलं.

"म्हंजी जे लिव्हलं ते तिला वाटत न्हाई?"

"वाटतं का नाही, हा प्रश्नच नाही दादा. तिला दुसऱ्याचं म्हणणं मांडता येतं."

"मंग न वाटनारं लिव्हाय कावून शिकिवता?"

मॅडमकडे उत्तर होतं. ते लांबलं. एकाने मोबाइल काढला, चहा आला आणि उत्तर तिथेच राहिलं.

तोड मुख्याध्यापकांनी काढली. मुलीने खुलासा लिहून द्यावा, तो ग्रुपवर टाकू, विषय मिटला. चुलता म्हणाला, "मराठीत. आमच्या मान्सायला वाचता आलं पाह्यजे." मुख्याध्यापक सांगू लागले आणि मुलगी टेबलाच्या कडेला उभी राहून लिहू लागली. गायरान आमचं आहे. प्रकल्पाला माझा विरोध आहे. आधीचं लिखाण मी मॅडमच्या दबावाखाली केलं.

शेवटच्या वाक्यापाशी पेन थांबलं.

"मॅडमनी दबाव न्हाई टाकला," ती म्हणाली.

चुलता उठला. "ऱ्हाऊ द्या मंग. दाखला काढा."

हे वाक्य खोटं आहे, माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा, असं मी म्हणालो. मुख्याध्यापक माझ्याकडे वळले. "नोंदवतो की. त्याच्या खाली 'मुलगी घरी बसली' हे पण नोंदवू का?"

राहू द्या, मी म्हणालो. मुलगी मॅडमकडे बघत होती.

"लिही," मॅडम म्हणाल्या. "दबाव टाकला मी. लिही बाळा."

तिने लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच होतं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली आणि शेवटच्या बाकावर बसली. मॅडमच्या तासाला ती मान वर करत नाही, असं मुलांकडून कळत होतं. खुलाशाची प्रत वरच्या कार्यालयात गेली. मॅडमचं कंत्राट पुढे वाढलं नाही. त्यांच्या जागी आलेल्या सरांनी मोबाइल, टीव्ही आणि गणवेश हे विषय पुन्हा सुरू केले. बोर्डाच्या परीक्षेआधी गायरानाला तारेचं कुंपण पडलं आणि खांब उभे राहिले. मेंढरं धर्मापुरीच्या बाजूला जाऊ लागली.

निकालात ती मुलगी शाळेत पहिली आली. चुलता पेढे घेऊन माझ्या घरी आला. खुशीत होता. पोरगी पुढं शिकणार, अंबाजोगाईला घालायची, तिच्या बापाशी बोलणं झालंय, असं म्हणाला.

"त्या मॅडमला बी द्यायचा हुता. कुठं असतेत त्या आता?"

"परळीत. घरीच शिकवण्या घेतात."

"परळी लई लांब पडती," तो म्हणाला आणि त्यांच्या वाटणीचा पेढाही त्याने माझ्याच हातावर ठेवला.