ऑटिझमचा फॉर्म आणि मी

माणसांचा अभ्यास करणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. कॉन्फरन्सच्या चहाला मी हे सांगते आणि लोक पोट धरून हसतात. मला मात्र लाज वाटते, कारण यातला वेडपट माणूस दरवेळी मीच असते! वेगवेगळ्या समाजांत ऑटिझमकडे कसं बघतात, हा माझा विषय. मूळची मी धुळ्याची, देवपूरची. म्हणून गाइड म्हणाले, "खान्देश तुम्हीच करा, तुमचीच माणसं आहेत." मुलात ऑटिझम आहे का, हे तपासायचा प्रश्नांचा फॉर्म मात्र परदेशातून आला होता.

*

शिंदखेड्याकडच्या एका गावात पहिलाच प्रश्न विचारला, "नातू मोठ्यांच्या डोळ्यांत बघून बोलतो का?"

आजी भडकली. "बोलू दे बरं! त्यानं थोबाड फोडसू!"

मी ‘नाही’वर टिक केली. संध्याकाळपर्यंत गावातली बठ्ठी, म्हणजे झाडून सगळी पोरं माझ्या संशयितांच्या यादीत!

*

नरडाण्याजवळ चार वर्षांच्या एका पोरीला विचारलं, "वेलावरचा भोपळा कुठाय गं?" तिनं बोट दुमडून नुसतं पेर पुढे केलं. मी लिहिलं, ‘बोट दाखवत नाही.’ वर तिच्या आईला डॉक्टरकडे जायला सांगितलं. ती बिचारी कापसाची वेचणी सोडून दोनदा धुळ्याला जाऊन आली.

मग आमची असिस्टंट वैशाली हळूच म्हणाली, "मॅडम, कवळ्या फळाले सरळ बोट दाखवं तर ते सडस. हाई तुमले माहीत नही?"

माहीत होतं हो! त्यापायी माझ्या आजीनं माझ्या बोटावर फटका मारला होता. फॉर्म हातात आला आणि सगळं विसरले. त्या आईची माफी मागायला मी गेले नाही, फोन केला. तोही वैशालीला करायला लावला.

*

जळगावात शेतकरी म्हणाले, "हे व्यापाऱ्यांत असेल, आमच्यात नाही." बाजारातले शेठ म्हणाले, "खेड्यापाड्यांत असतं, आमच्यात कुठून?" शेवटी एका सिनियर प्रोफेसरांना घरी गाठलं. ते टेबलावरची पेनं एका रेषेत लावत म्हणाले, "आमच्यात त्याला एचओडी करतात!"

मी खोखो हसले. शेजारच्या खोलीत त्यांचा ऑटिझम असलेला नातू होता, हे मला नंतर कळलं.

*

फैजपूरला केळीच्या बागायतदाराचं घर. घरातल्या बाईंना सगळे अक्का म्हणतात. त्यांची अकरा वर्षांची जयू बोलत नाही, म्हणून तिचं शाळेतून नाव काढायचं चाललं होतं. युनिव्हर्सिटीच्या मॅडमनी लिहून दिलं तर ठेवू, असं हेडसर म्हणाले होते. अक्कांनी मला खुर्ची दिली, केळीचे वेफर्स पुढे ठेवले आणि म्हणाल्या, "मॅडम, एवढंच लिहा, तिले समजतं."

जयू समोरच पंख्याकडे बघत बसली होती. मी तिच्यादेखत तिच्याबद्दल सगळं विचारलं. अंथरूण ओलं करते का, हेसुद्धा. तिला एकदाही हाक मारली नाही. शेवटी पेन उघडून म्हणाले, "अक्का, खरं सांगू? हिला काही कळत नाही हो."

जयू उठली. दारात गेली, माझ्या चपला उचलल्या, फाटकाकडे तोंड करून नीट जोडीनं मांडल्या आणि परत जागेवर येऊन बसली.

अक्कांचा चेहरा उजळला. "पाहा मॅडम, मी म्हणत होती ना? तिले सारं समजतं!"