आबांचा आकडा

आबांच्या पिंडाला कावळा शिवेना याला मी जबाबदार होतो, असं आमच्या घराण्याचं मत आहे. आमच्या घराण्यात बांधाच्या दगडापासून लग्नातल्या मानापर्यंत कशावरही एकमत होत नाही. यावर मात्र झालं.

आबा माझे थोरले चुलते. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले आणि कोरेगावजवळच्या आमच्या गावी ऊस बघत राहिले. म्हातारपणी घसरून पडले, कमरेचं हाड मोडलं आणि खाटेला खिळले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या मुलीचा मुलगा पिंट्या सांगलीहून सोबतीला आला. सुट्टी संपायच्या आतच आबा गेले.

पिंट्या तेव्हा दहावीत होता. आणि त्याच्या हातात तो गेम होता. नव्वदच्या दशकात प्रत्येक घरात एक तरी असायचा बघा, तो! वरून ठोकळे पडतात, खाली रचायचे, ओळ भरली की नाहीशी होते. (एवढं केल्यावर मिळतं काय? पुढचा ठोकळा!) भेटायला आलेली माणसं ओट्यावर डोळे पुसतायत आणि शेजारी हा टुंग-टुंग-टुर्र करत बसलेला.

मी साताऱ्याला कॉलेजात मराठी शिकवत असे. 'यंत्र आणि तरुणांची एकाग्रता' या विषयावर मी एकदा भाषणही दिलं होतं. (श्रोते झोपले होते, पण एकाग्रतेने.) त्यामुळे पुढाकार घेणं मला भागच होतं.

"आण इकडं."

"मामा, घ्या. पण सेल काढू नका हां! त्यात आबांचा..."

"एक अक्षर बोलू नकोस! घरात काय झालंय, तुझं काय चाललंय!"

"आवो, पण मामा..."

"गप!"

मी गेम बंद केला. मोह समूळ नष्ट करावा म्हणून मागचं झाकण उघडून सेलही काढले आणि माजघरातल्या बंद पडलेल्या घड्याळात घातले. घड्याळ चालू झालं. एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान मला वाटलं. तिसरा पक्षी दहाव्या दिवशी भेटायचा होता.

दहाव्याला आम्ही माहुलीच्या संगमावर गेलो. पिंड मांडले, नमस्कार झाले, सगळे मागे सरलो. समोरच्या झाडावर कावळ्यांची कमतरता नव्हती. त्यातला एक उतरला, पिंडाभोवती हिंडला, आणि शेजारच्या कुटुंबाचा भात खाऊन परत जाऊन बसला!

"इच्छा राहिलीय कायतरी," आबांच्या पत्नी, आमच्या काकी, म्हणाल्या. आबा गेल्यापासून त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. आता मात्र त्यांचा आवाज कापत होता. "बोला की रं कुणीतरी! त्यांच्या मनातलं बोला!"

काकींचे भाऊ पुढे झाले. "दाजी, तुमचा मिलिटरीचा कोट कुणाला देत न्हाई! घरातच ऱ्हाईल!"

कावळा पंख साफ करत बसला.

"वरच्या रानातली वाट सोडतो! मोकळी सोडतो!" हे भावकीतले एक जण. त्यांनी ती वाट काटे टाकून अडवली होती, आणि आबा त्यांच्याशी त्यावरून बोलत नसत. सगळ्यांनी आशेनं वर पाहिलं. कावळा पाहत नव्हता.

पिंट्याचे वडील, म्हणजे आमचे दाजी, छाती काढून सासऱ्यांना म्हणाले, "मामा, पिंट्याला फौजेत घालतो! शब्द देतो!"

पिंट्या पांढराफटक पडला. कावळ्यानं चक्क पाठ फिरवली.

मग मला कोपरखळी बसली. मी घसा साफ केला. "आबा, मी माझा प्रबंध पूर्ण करीन."

कावळा उडूनच गेला.

"तू कशाला बोललास रं?" काकींचे भाऊ म्हणाले. "हुता त्योबी गेला!"

गुरुजींना ऊन लागायला लागलं होतं. ते म्हणाले, "दर्भाचा कावळा करून शिववूया. शास्त्रात सोय आहे."

"न्हाई!" काकी पायऱ्यांवर बसल्याच. "जलमभर खऱ्या माणसागत वागला त्यो माणूस. गवताच्या कावळ्यावर पाठवू व्हय त्याला? कावळा शिवल्याबिगर मी हितनं उठायची न्हाई!"

त्या उठणार नव्हत्या. घाटावरच्या कुणालाही त्याबद्दल शंका नव्हती. तेवढ्यात पिंट्या माझ्या मागून पुटपुटला, "आबांचा स्कोर."

"काय म्हनतोस रं? मोठ्यानं बोल!" काकी कडाडल्या.

"आजी, आबा गेम खेळायचे. लय भारी खेळायचे! माझ्या वर्गात कुणाचा नाही एवढा स्कोर केला त्यांनी. म्हणायचे, माझ्यामागं ह्यो आकडा कुणी मोडायचा न्हाई, आन् कुणी पुसायचा न्हाई."



"पांघरुणात आंगठा हालायचा, ते ह्येच व्हय?" काकी हळूच म्हणाल्या. "मला वाटायचं जप करत्यात!"

(ही बातमी त्यांनी गावभर सांगितली होती. सुभेदार शेवटी शेवटी नामस्मरणात दंग असतात हे ऐकून दोन बायका आबांच्या पाया पडून गेल्या होत्या! आबांनी पांघरुणातूनच आशीर्वाद दिला होता. हात मोकळे नव्हते.)

"मग सांग की त्यांना, कुणी पुसणार न्हाई म्हनून!"

"आता काय सांगू? मामांनी सेल काढले. सेल काढले की सगळं पुसतं."

सगळं घराणं माझ्याकडे वळलं. गुरुजी वळले. शेजारचं कुटुंबसुद्धा वळलं, आणि त्यांचा तर कावळा शिवून झाला होता!

"त्याचं असं आहे," मी सुरुवात केली, "की यंत्राची स्मृती ही..."

"हात जोड!" काकी म्हणाल्या.

मी हात जोडले. "आबा, तुमचा आकडा पिंट्या परत..."

"पिंट्या कशापायी? ज्यानं पुसला त्यानं आनायचा!"

"आबा," मी म्हणालो, "तुमचा आकडा मी स्वतः, माझ्या हातानं, परत आणीन. तोवर गेम खाली ठेवणार नाही."

कुठून आला कुणास ठाऊक, एक थोराड कावळा सरळ खाली उतरला, पिंडावर चोच मारली आणि भाताचा घास घेऊन नदीपलीकडे गेला. काकींनी तोंडाला पदर लावला आणि त्या रडल्या, मोकळेपणी, खूप वेळ. आम्ही कुणी त्यांना गप्प केलं नाही.

मग घरी येऊन मी घड्याळातले सेल काढले.

आबांचा आकडा पिंट्याला पाठ होता; माझी मात्र पहिल्या आठवड्यात एक ओळसुद्धा भरेना. दुसऱ्या महिन्यात डोळे मिटले की ठोकळे दिसू लागले. वाचनालयात गेलो आणि कपाटात फट दिसली, की हात आपोआप आडवं पुस्तक शोधू लागे. तासाला मुलं कविता वाचत आणि टेबलाखाली माझा अंगठा चाले. काकी शेजाऱ्यांच्या फोनवरून विचारत, "झाला का रं आकडा?" "थोडक्यात हुकला, काकी!" "सुभेदार पडल्या पडल्या करायचे. तुला तर बसता येतंय!"

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. पिंट्याला सगळ्यांनी डोळे चोळावेत एवढे मार्क मिळाले. दाजी पेढे घेऊन सांगलीहून थेट माझ्याकडे आले.

"मामासाहेब, तुमचे उपकार!" ते गहिवरून म्हणाले. "वेळेवर तो गेम काढून घेतलात. नाहीतर ह्या डबड्यापायी पोरांच्या आयुष्याचं वाटोळं होतंय बघा!"

मी मान हलवली. वर बघायला सवड नव्हती. लांबडा ठोकळा खाली येत होता.