सरकारचे सावकार

निवृत्त झाल्यावर बाबांनी सरकारला कर्ज दिलं. आनंदनगरच्या कारखान्यातून मिळालेला सगळा फंड मोबाइलवरून सरकारी रोख्यांत घातला आणि शिरगावच्या आमच्या बिल्डिंगभर पेढे वाटले. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "जमलं वाटतं एकदाचं!" त्यांना वाटलं, माझं लग्न ठरलं. मी काय डोंबल सांगणार?

तेव्हापासून बाबांची मान ताठ. कुळगावात रस्ता खणलेला दिसला की स्कूटर थांबवायचे. "माझे पैसे लागलेत इथे." अहो, रस्ता नगरपालिकेचा, रोखे दिल्लीचे! पण ऐकतंय कोण? जेवताना इतिहास सुरू. पेशव्यांनी स्वाऱ्यांसाठी सावकारांकडून कर्ज काढलं, इंग्रजांनी रेल्वेसाठी काढलं, आणि आताचं सरकार जुनं फेडायला नवं काढतं.

"आणि तरी तुम्ही देता?" आईने विचारलं.

"अगं, सरकार बुडत नसतं."

आईने पोळपाट बाजूला सारला. तिला स्टेशनजवळ पोळी-भाजीचं दुकान काढायचं होतं. गाळा बघून ठेवला होता, फक्त डिपॉझिट भरायचं बाकी होतं. बाबा नुसतं "बघू, बघू" करत राहिले आणि फंड सरकारला देऊन मोकळे झाले.

"ज्यांचं तोंड बघितलं नाही त्यांना दहा वर्षांसाठी पैसे द्यायला तयार," ती म्हणाली, "आणि जन्मभर माझ्या हातचं खाऊन माझा भरवसा नाही?"

मला रडू फुटलं, आणि बाबांचा असा राग आला म्हणून सांगू!

पुढच्याच आठवड्यात त्यांनी थोडं नुकसान सोसून अर्धे रोखे विकले आणि गाळ्याचं डिपॉझिट भरलं. मग आम्ही तिघं उल्हासनगरला मोठी भांडी घ्यायला गेलो. आईने तिथल्या सिंधी दुकानदाराशी इतकी घासाघीस केली की शेवटी त्याने हातच जोडले. "माताजी, अब दुकान ही ले जाओ!" बाबा बाजूला उभे राहून कौतुकाने बघत होते.

दुकान झकास चाललं. सहा महिन्यांनी आईने बाबांपुढे एक पाकीट ठेवलं. व्याजाचं.

"अगं, घरातल्या घरात कसलं व्याज?"

"घ्या मुकाट्याने. सरकारकडून घेताना लाजलात का?"

बाबांनी दोन्ही हातांनी पाकीट घेतलं.