बालाघाटची पिक्चर ट्यूब

चार माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं डिझाईन करत बसली की मॉनिटर थोडे होतात, किस्सेच जास्त! बालाघाटला आमचं तसंच झालंय. वसंतदादा निवृत्त इंजिनीअर. त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत आम्ही जुन्या पिक्चर ट्यूबना नवं सर्किट, नवी कॉइल देऊन हाय-रेझोल्यूशन मॉनिटर बनवतो. लोक विचारतात, "सपाट स्क्रीनच्या जमान्यात हे काहून?"

दादा म्हणतात, "आधी पाहा, मंग विचारा!"

*

पहिलं मॉडेल सुरू झालं. पडद्यावर चौकोनांची जाळी. आम्ही खूश! दादांच्या पत्नी सुलभावहिनी शाळेत भूमिती शिकवायच्या. त्यांनी काचेला स्टीलची पट्टी लावली.

"हा चौकोन नाही. कमरेत बारीक झाला."

"अवो, अर्धा मिलिमीटर!"

"अर्ध्या मिलिमीटरले मी मार्क कापत होती!"

पुढचे दोन महिने आम्ही चित्राचा आकार ठरवणारी कॉइलच बदलत बसलो.

*

बेंगळुरूच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "इतनी शार्प पिक्चर! कॉइल इम्पोर्टेड है क्या?"

"हां साब," दादा म्हणाले, "तिरोडी से!"

कॉइल गुंडाळणारे देवरामभाऊ आमच्याच जिल्ह्यातल्या तिरोडीहून ये-जा करतात. तेव्हापासून उशीर झाला की म्हणतात, "कस्टममधे अडकलतो!"

*

रामपायलीच्या फोटोग्राफरच्या मॉनिटरवर कोपऱ्यात हिरवा डाग यायचा. मी तीन पानं आकडेमोड केली. दादांनी शेजारचा मोठा स्पीकर उचलून दूर ठेवला, मॉनिटर बंद करून चालू केला. डाग गायब! स्पीकरातलं चुंबक रंग ओढत होतं.

"आणि माझी तीन पानं?"

"त्याच्यावर चहाचा कप ठेव. टेबल खराब नाही होत."

*

बिरसाकडच्या एका लहान दवाखान्यात एक्स-रे पाहायला आमचा काळा-पांढरा मॉनिटर लागला. दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा फोन! दादांनी तो स्पीकरवर टाकला.

"दादा, तुमच्या काचेवर केसासारखी रेघ दिसून राह्यली. बरोब्बर पायाच्या हाडावर. जुन्या स्क्रीनवर त नव्हती."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. ट्यूब मीच तपासून पाठवली होती. चार महिन्यांचं काम!

"पेशंट कोण हाय?" दादांनी विचारलं.

"एक बाई. लंगडत आलती. मुरगळला असंन म्हणून आत्ताच घरी पाठवली."

"फोटो जरासा बाजूले सरकवा. रेघ जागेवरच राह्यली त काच आमची खराब. फोटोसंग सरकली त..."

देवरामभाऊंनी हातातली तार खाली ठेवली. पलीकडे माऊसचा आवाज. मग खुर्ची जोरात मागे गेली आणि डॉक्टर कोणावर तरी ओरडले, "अरे धाव! त्या बाईले गेटवर थांबव, प्लास्टर लागते!"