आबा खालून, मी वरून

दुष्काळाच्या त्या वर्षी वडिलांनी मेंढरं विकली आणि ते माझ्याकडे शहरात, पुंडलिकनगरला राहायला आले. आई आधीच गेलेली, माझं लग्न मोडलेलं, म्हणजे घरात आम्ही दोघंच. एकमेकांना सोबत होईल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात मी वाळूजच्या कंपनीतून येईपर्यंत आबा गॅलरीत बसून असायचे आणि मी आलो की आम्ही टीव्हीकडे बघत मुकाट्यानं जेवायचो. घर काही भरलं नाही, एकाचे दोन एकटे झाले.

शहरावर आबांचा राग नव्हता. आमच्या गल्लीत बिल्डिंगा नव्हत्या, शेतं होती, तेव्हा त्यांनी इथंच मेंढरं बसवली होती. रानाला लेंडीखत मिळावं म्हणून शेतकरी कळप मुक्कामी बोलवत. हे ते शेजाऱ्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचे आणि हौसेनं संगमरवर बसवलेले शेजारी कसनुसं हसायचे. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. त्यावरून गल्लीत भांडणं जुंपली की आबा म्हणायचे, आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून येईल? पण दिवाळी झाली आणि ते गप्प झाले. दिवाळीनंतर आमची माणसं कळप घेऊन बाहेर पडतात. आता कोण कुठवर पोचलं असेल, एवढंच ते अधूनमधून पुटपुटायचे. हे जाणार, अशी मला धास्ती बसली. त्यांनी राहावं असं मला फार वाटत होतं. कुलूप काढून अंधाऱ्या घरात शिरायचा मला कंटाळा आला होता.

मला सुट्टीच्या दिवशी डोंगर चढायचा नाद होता. खुलताबादच्या पुढं ओळीनं चार-पाच दगडी माथे आहेत. ते एका दिवसात पार करून पलीकडं उतरायचं आणि एसटीनं परत यायचं. शहरात राहूनही डोंगर तुटत नाही, हे आबांना दाखवायचं म्हणून एका रविवारी त्यांना घेऊन निघालो. वर काय हाय, असं त्यांनी विचारलं. वारा आहे, लांबचं दिसतं, असं मी सांगितलं. ते वाऱ्यासाठी एवढं चढणाऱ्यांची कीव केल्यासारखं हसले, पण आले.

पहिल्याच डोंगराशी घोटाळा झाला. मी चढणीला लागलो आणि मागं बघतो तर आबा डावीकडून आडवे निघालेले. ते जन्मभर डोंगराच्या कमरेनं चालले. माथ्यावर चारा नसतो, तिथं मेंढक्याचं काय काम? मी हाक मारली, तर त्यांनी काठीनं पुढची खिंड दाखवली आणि वळणाआड गेले.

मग दिवसभर हेच चाललं. मी तापलेल्या कातळावरून ढोपरं खरचटत वर जायचो, माथ्यावर एकटाच उभा राहायचो. खाली कोरडा पडलेला तलाव दिसायचा, आणि चुना मारलेले दगड रोवून पाडलेले नवे प्लॉट थेट डोंगराच्या पायथ्याला येऊन भिडलेले. हे दाखवायला ज्यांना आणलं ते जवळ नव्हते. मला रागही आला आणि रडूही आलं. खिंडीत उतरावं तर आबा आधीच येऊन बसलेले, घामाचा थेंब नाही. पावसाअभावी खडखडीत राहिलेलं एखादं सीताफळ माझ्या हातावर ठेवायचे आणि उठायचे. एका खिंडीत मी मागची खोली त्यांच्यासाठी नीट करायचं बोललो. पुढच्या खिंडीत सरळच विचारलं, "आबा, राहाल ना माझ्याकडं?" ते "बघू" म्हणाले. आमच्यात नाही म्हणायचं जिवावर येतं तेव्हा बघू म्हणतात.

शेवटच्या खिंडीत आबा नव्हते. थोडा वेळ वाट पाहिली, मग हाका मारल्या. फोन ते बाळगत नसत. पाय घसरला असेल, चक्कर आली असेल, नाही नाही ते मनात आलं. एकेका घळीत डोकावत मी अर्धा उतार खाली आलो, तेव्हा मेंढरांचं ओरडणं कानावर पडलं. पायथ्याच्या पडीक रानातून एक मोठा कळप चालला होता, पुढं घोड्यांवर बिऱ्हाड लादलेलं, आणि सगळ्यांच्या मागं, काखेत कोकरू मारून, आबा. चुकला फकीर मशिदीत.

मी पळतच त्यांना गाठलं. कळपवाला आमच्या लांबच्या नात्यातला निघाला. त्याचा पोरगा कंपनीत लागला होता, माणूस कमी पडत होता. लासूर स्टेशनवरून खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला चाललो, तिकडं अजून पाणी आहे, आणि आबा येतो म्हणाले, असं त्यानं सांगितलं. या वयात, त्या दुखऱ्या गुडघ्यांवर, रोजच्या गोळ्या घरी ठेवून? मी तोंड उघडलं, पण आबाच आधी बोलले.

"येतो का तू?"

मला चेष्टा वाटली. ते हसत नव्हते.

"तू शाळात गेला तवापासून मी एकलाच हिंडलो," ते म्हणाले. "लई वर्सं झाली. चल."

मला शाळेत घालून या कामातून सोडवल्याचा त्यांना अभिमान होता, चारचौघांत ते तो मिरवायचे. ते माझ्याशिवाय कसे चालले असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या क्षणी जावं असं मला खरंच वाटलं. कळप पुढं सरकत होता आणि आबा माझ्यासाठी थांबले होते.

"आबा, उद्या माझी फर्स्ट शिफ्ट आहे," मी म्हणालो.

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. "बघ मग," म्हणाले, आणि कोकरू दुसऱ्या काखेत घेऊन कळपामागं चालू लागले.