गाडीवाले मामू

ज्या मुलखात आगगाडी नाही, तिथं राहणाऱ्या माणसाला आम्ही ‘गाडीवाले मामू’ म्हणायचो. त्यांच्या रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावात रेल्वे नव्हती, कुवेतमध्येही नव्हती. मामू कुवेतच्या अहमदी या तेलनगरीतल्या आम्हा कामगारांच्या मेसमध्ये स्वयंपाकी होते. त्यांच्या खाटेमागची भिंत मात्र अमेरिकन रेल्वेच्या जाहिरातीच्या कार्डांनी भरलेली. चंदेरी, गोल नाकाच्या गाड्या, जेवणाच्या डब्यात पांढरीशुभ्र टेबलं, खिडकीबाहेर बर्फाचे डोंगर. सुट्टीवरून परतणारे अमेरिकन साहेब ती कार्डं त्यांना आणून देत.

वाळूचं वादळ उठलं की आम्ही मामूंच्या खोलीत जमायचो. “बसा,” ते म्हणायचे, “ह्या गाडीला काचा घट्ट. धूळ आत येत नाय.” मग कोणी कुठल्या डब्यात बसायचं ते ठरवायचे. खिडकीची जागा कायम जैनबची, म्हणजे त्यांच्या बायकोची.

मामूंना लिहिता येत नव्हतं. एकसारखी दोन कार्डं मिळाली की एक गावी जायचं आणि मागचा मजकूर मी लिहायचो, म्हणून ते मला मास्तर म्हणायचे : ‘पुढच्या सुट्टीत तुला मुंबईला आणून असल्या गाडीत बसवतो.’ एकदा जैनबनं गावच्या माणसाकडून विचारून पाठवलं होतं, “एवढ्या चकचकीत गाडीत चपला घालून बसतात की काढून?” मामू आठवडाभर ते सगळ्यांना सांगत होते. सुट्टी मात्र कधी गळक्या छपरात जायची, कधी बहिणीच्या लग्नात.

एका दुपारी बोटीतून उतरलेला गाववाला थेट मेसमध्ये आला. जैनब तापानं गेली होती. दफन होऊनही बरेच दिवस झाले होते. मामूंनी ऐकून घेतलं, चुलीवरचा भात उतरवला. “पोरं जेवायचीत,” एवढंच म्हणाले.

पुढं एका साहेबानं, त्याला काही ठाऊक नसल्यानं, हौसेनं नवं कार्ड आणून दिलं. मामू ते घेऊन माझ्याकडे आले.

“मास्तर, लिवा.”

“काय लिहू, मामू?”

“नेहमीचंच.”

मी लिहिलं. पत्त्यापाशी हात थांबला. मामू म्हणाले, “पत्ता नको. नुसतं नाव घाला.”

त्याच वर्षी ते कायमचे गावी निघाले. बंदरावर निरोप देताना काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, “मामू, मुंबईला उतरलात की एकदा तरी गाडीत बसा.”

त्यांनी हातातली वळकटी खाली ठेवली.

“एकट्यानं?” त्यांनी विचारलं.

त्यांची वळकटी उचलून मी बोटीच्या शिडीपर्यंत गेलो.