नाव कापलेलं चित्र

मंगळवार पेठेतल्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या खतिजाबाई तशा भित्र्याच, पण एका बाबतीत भलत्याच हट्टी होत्या. त्यांचे वडील कापूस पिंजणारे पिंजारी. लहानपणी वर्गात कुणी वडिलांचा धंदा विचारला की त्या मान खाली घालून बसायच्या. आपल्या वर्गातल्या एकाही पोरावर ती पाळी येऊ द्यायची नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून चौऱ्याहत्तर सालच्या दिवाळीआधी त्यांनी मुलांना सांगितलं, तुमच्या घरात पूर्वीपासून चालत आलेल्या कामाचं चित्र काढा आणि त्याखाली चार ओळी लिहा.

बनानं आजोबा काढले. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात, अंगणात बसून चप्पल शिवणारे. शेजारी रापी, आरी, भिजत घातलेलं कातडं. शेवटची ओळ होती, 'माझ्या आजोबांच्या हातची चप्पल दहा वर्षे टिकते.' बाईंनी ते चित्र शनिवारच्या प्रदर्शनासाठी भिंतीवर अगदी मधोमध लावलं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर बनाचे वडील आले. बाळासो, कचेरीतले शिपाई, अबोल माणूस. दार लोटून घेत त्यांनी चित्र उतरवायची विनंती केली. पेठेत खोली घेताना त्यांनी जात लपवली होती. घरमालक हंबीरराव यांचा नातू याच वर्गात होता आणि उद्या ते त्याचं चित्र बघायला येणार होते.

"सात घरं हिंडलो, बाई. चांभाराला कुणी खोली दिली न्हाय."

काळजी करू नका, असं सांगून बाईंनी बाळासोंना घरी पाठवलं. चित्राला हातही घातला. पण बना दिवसभरात तीनदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली होती, ते आठवून चित्र उतरवायला मन धजेना. मग त्यांनी नको ते शहाणपण केलं. कात्रीनं खालची नावाची पट्टी तेवढी कापून टाकली.

शनिवारी प्रदर्शनात हंबीरराव नेमके त्याच चित्रापाशी थांबले. चारही ओळी त्यांनी मोठ्यानं वाचल्या आणि हे कुणाच्या घरातलं, असं विचारलं. बाळासो दाराशी उभे होते. बाईंनी सांगितलं, मुलांना नमुना म्हणून मीच काढलंय. हंबीरराव मान डोलावून पुढं सरकले. बाईंचा जीव भांड्यात पडला.

बना मात्र कापलेल्या कडेवरून बोट फिरवत होती.

"न्हाय, बाई. मी काढलंय. ह्यो माझा आज्जा हाय. माझं नाव का कापलं?"

हंबीरराव मागं वळले. त्यांनी बनाकडं पाहिलं, मग बाळासोंकडं, आणि नातवाचा हात धरून ते निघून गेले.

आठवड्याच्या आत बाळासोंना खोली सोडावी लागली. शाळेचा दाखला न्यायला बाळासो एकटेच आले. बाईंनी हात जोडून माफी मागितली.

"खोलीचं सोडा, बाई," ते म्हणाले. "पोरगी इचारती, बाईंनाबी माझ्या आज्जाची लाज वाटली व्हय? तिला काय सांगू?"

बाईंनी दाखला त्यांच्या हातात दिला.